देवगिरीचा ताल, पॅरिसचा ऑर्गन

27 फेब्रुवारी 1936 या दिवशी पॅरिसच्या त्रिनिते चर्चमध्ये एका नव्या रचनेचं पहिलं वादन झालं. रचनेचं नाव ‘ला नातिव्हिते द्यु सेन्यर’, म्हणजे प्रभूचा जन्म. एकट्या ऑर्गनसाठी लिहिलेले नऊ भाग, सगळं मिळून सुमारे तासाभराचं संगीत. तिघा तरुण वादकांनी ते वाटून घेतलं होतं. पहिले तीन भाग दानिएल-लेस्युरने वाजवले, मधले तीन झाँ लांग्लेने आणि शेवटचे तीन झाँ-झाक ग्र्युनेनवाल्डने. यांतला लांग्ले लहानपणापासून अंध. रचनाकार ऑलिव्हिए मेसियाँ तेव्हा 27 वर्षांचा होता. 1931पासून तो याच चर्चचा ऑर्गनवादक होता आणि 1992 साली त्याचं निधन झालं तोवर, साठ वर्षांहून अधिक काळ, त्याने ही जागा सोडली नाही.

नवव्या भागाचं नाव ‘द्य पार्मी नू’, देव आपल्यामध्ये. नाताळच्या दिवसांत मोठमोठ्या कॅथेड्रलांत उपासना संपवून लोक बाहेर पडू लागतात तेव्हा पुष्कळदा हाच भाग वाजतो. लांबी जेमतेम आठ-नऊ मिनिटं. विसाव्या शतकात ऑर्गनसाठी लिहिलेल्या आनंदाच्या संगीतात याच्या तोडीचं फार थोडं सापडेल. मराठी माणसाने हे संगीत मुद्दाम ऐकावं असं आणखी एक कारण आहे. या संपूर्ण रचनेच्या लयीची किल्ली मेसियाँला एका संस्कृत ग्रंथात सापडली, आणि तो ग्रंथ तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या एका अधिकाऱ्याने लिहिलेला आहे.

त्या ग्रंथाकडे वळण्याआधी वाद्य पाहायला हवं.

ऑर्गन म्हटलं की आपल्याला संगीत नाटक आठवतं. रंगमंचाच्या पुढ्यात एका बाजूला ऑर्गन, दुसऱ्या बाजूला तबला, तिसरी घंटा आणि नांदी. बालगंधर्वांच्या काळापासून नाट्यपदाला भरीव सूर दिला तो या पायपेटीने. पुढे गोविंदराव पटवर्धन आणि तुळशीदास बोरकर यांच्यासारख्या वादकांनी तिच्यातून काय काय काढून दाखवलं ते नाट्यसंगीताच्या रसिकांना सांगायला नको. या पेटीची वंशावळही फ्रान्समधूनच जाते, कारण हार्मोनियमचं पेटंट अलेक्सांद्र दबँ याने 1842 साली पॅरिसमध्येच घेतलं. पण तिच्यात सूर निघतो धातूच्या पातळ पट्ट्यांतून, आणि वादकाचे पाय फक्त भाता हलवतात. चर्चमधला ऑर्गन वेगळा. तिथे मुख्यतः नळ्या बोलतात, काही लाकडाच्या, काही कथील आणि शिसं यांच्या मिश्रधातूच्या. काही पेन्सिलीएवढ्या, तर काही चांगल्या 16 फूट उंच. आणि तिथे पाय भाता हलवत नाहीत, ते सूर वाजवतात. बाकाखाली लाकडी पट्ट्यांचा आणखी एक कळफलक असतो आणि खर्जाची सगळी बाजू दोन पायांनी सांभाळायची असते.

हे यंत्र कसं चालतं ते चाकण औद्योगिक पट्ट्यातल्या महाळुंग्याच्या एखाद्या फिटरला समजावून सांगायला दोन मिनिटं पुरतील. त्याच्या शॉपमध्ये कॉम्प्रेसर असतो, हवा साठवायची टाकी असते, लाइन टाकलेली असते, आणि सोलेनॉइड व्हॉल्व्हला करंट मिळाला की हवा सिलिंडरात शिरून काम करते. ऑर्गनमध्ये कॉम्प्रेसरच्या जागी ब्लोअर, टाकीच्या जागी भाता, आणि सिलिंडराच्या जागी नळी. वादकाने कळ दाबली की त्या नळीखालची झडप उघडते. फरक दाबाचा. कारखान्याची लाइन साधारण सहा बारवर चालते. ऑर्गनचा दाब पाण्याच्या स्तंभाच्या मिलिमीटरांत मोजतात, आणि शंभर मिलिमीटर म्हणजे एका बारचा जेमतेम शंभरावा हिस्सा. एवढ्याशा दाबावर अख्खं दगडी चर्च थरथरतं.

त्रिनितेचा ऑर्गन आरिस्तिद काव्हाये-कोल याने बांधला. तो 1869 साली वाजू लागला. काव्हाये-कोल हा एकोणिसाव्या शतकातला ऑर्गन बांधणाऱ्यांचा मेरुमणी. त्याच्याआधी मोठ्या ऑर्गनची एक जुनी अडचण होती. नळ्या जितक्या जास्त तितकी कळ जड, आणि सगळे कळफलक एकत्र जोडले की बोटांत ताकद उरायची नाही. चार्ल्स बार्कर या इंग्रज कारागिराने यावर तोड काढली. कळ दाबली की आधी एक छोटा भाता फुगतो आणि जड झडप ओढण्याचं काम तोच करतो. बोटाने फक्त इशारा द्यायचा, कष्ट हवेचे. काव्हाये-कोलने ही युक्ती 1841 साली सँ-दनीच्या ऑर्गनमध्ये वापरली आणि फ्रेंच ऑर्गनवादकांचे हात मोकळे झाले. मग टोकाटांची, म्हणजे बोटांची चपळाई दाखवणाऱ्या वेगवान, झळाळत्या रचनांची लाटच आली. व्हिदोरच्या पाचव्या सिंफनीतली टोकाटा आजही चर्चमधल्या लग्नांत वाजते. मेसियाँचा नववा भाग याच घराण्यातला. त्रिनितेच्या ऑर्गनला 1960च्या दशकात विजेची यंत्रणा बसवली गेली. तेव्हापासून तिथल्या झडपा विद्युतचुंबकाने उघडतात, महाळुंग्यातल्या व्हॉल्व्हसारख्याच.

आता प्रत्यक्ष ‘द्य पार्मी नू’. पहिल्याच क्षणी दोन्ही हातांखालून स्वरसंघांचा लोट कोसळतो, आणि लागलीच पायपट्ट्यांवर एक दणदणीत ओळ उंचावरून उतरू लागते. पायरी पायरीने, ढांगा टाकत, ती खर्जाच्या तळापर्यंत जाते. देव माणसांत उतरतो तो हा असा, आवाज न चोरता. मग एकदम सगळं निवतं आणि मऊ, किंचित थरथरत्या सुरांत प्रेमाची ओळ येते. तिच्यामागून पाखरांच्या किलबिलीसारखी एक चपळ, नाचरी ओळ येते. या तीन कल्पना एकमेकींत मिसळतात, ताणल्या जातात, आणि ताण आता असह्य होणार असं वाटत असतानाच इ मेजरमध्ये टोकाटा सुटते. हात क्षणभर थांबत नाहीत. खाली पायांत मघाची तीच उतरती ओळ लांब लांब पावलं टाकत पुन्हा येते. सुरुवातीला जी दरारा दाखवून गेली, तीच आता सगळ्यांना कवेत घेते. अखेरीस संपूर्ण ऑर्गनवर एक स्वरसंघ धरून ठेवलेला, आणि हात उचलल्यावरही घुमटात रेंगाळणारा नाद.

हा आनंद साधा, गुळगुळीत नाही. त्यात कुठेही कवायतीची डावी-उजवी चाल नाही. ऐकणारा पायाने ठेका धरू पाहतो आणि ठेका दर वेळी किंचित पुढे निसटतो. फ्रेंच रसिकांना 1936 साली हे नवं वाटलं. त्याचं मूळ शोधायला सात शतकं मागे, देवगिरीला, म्हणजे दौलताबादला जावं लागतं.

त्या संस्कृत ग्रंथाचं नाव ‘संगीतरत्नाकर’, आणि कर्ता शार्ङ्गदेव. त्याचं घराणं मूळचं काश्मीरचं. त्याचे आजोबा भास्कर दक्षिणेत आले. वडील सोढल यादव राजांच्या आश्रयाला होते. शार्ङ्गदेव स्वतः सिंघण यादवाच्या दरबारी श्रीकरणाधिप होता. राज्याचे हिशेब आणि दप्तर पाहणारा वरिष्ठ अधिकारी म्हणावा असं ते पद. हाच माणूस वैद्यकही जाणत होता, आणि संगीतावर लिहिताना पहिल्याच अध्यायात तो मानवी देहाची उत्पत्ती सांगतो, कारण नाद देहातून उठतो. स्वतःला तो ‘निःशंक’ म्हणवतो. काळ सिंघणाचा, म्हणजे तेराव्या शतकाचा पूर्वार्ध. ज्ञानेश्वरीत ज्या रामचंद्र यादवाचा उल्लेख येतो, सिंघण त्याचा पणजोबा. महाळुंग्याहून आळंदी अगदी जवळ. माउलींच्या समाधीला जाणाऱ्या माणसाला यादवकाळ परका नाही, मात्र त्याच घराण्याच्या छायेत तीन पिढ्या आधी ‘संगीतरत्नाकर’ लिहिला गेला हे फारसं कोणी सांगत नाही.

ग्रंथाचे सात अध्याय आहेत. स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नर्तन. पाचवा तालाध्याय, आणि त्यात 120 देशी तालांची यादी. प्रत्येक तालाला नाव आणि त्याची मापं. अर्धी मात्रा म्हणजे द्रुत, एक मात्रा म्हणजे लघु, दोन म्हणजे गुरू, तीन म्हणजे प्लुत. द्रुताची खूण शून्यासारखं वर्तुळ, लघूची उभी रेघ. आणि एक बारीकशी खूण विरामाची. तो ज्या मापाला लागतो त्याला त्याच्या निम्म्याने वाढवतो. द्रुताला विराम लागला की अर्ध्याची पाऊण मात्रा होते.

याच अध्यायात शार्ङ्गदेव तालांचा प्रस्तारही मांडतो. इतक्या मात्रांत द्रुत, लघु, गुरू, प्लुत बसवायचे किती प्रकार होतील, त्यांतला अमुक क्रमांकाचा कोणता, हे काढायची रीत. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच सिंघणाचा दरबारी ज्योतिषी होता आणि चाळीसगावजवळच्या पाटण्याला आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने मठ चालवला. असा हा गणिताचा शौक असलेला दरबार. हिशेबनिसाने ताल मोजले यात नवल नाही.

पुढची पाच-सहा शतकं हा ग्रंथ पोथ्यांमधून आणि टीकांमधून जगला. संपूर्ण ग्रंथ कल्लिनाथाच्या टीकेसह छापून काढला तो पुण्याच्या आनंदाश्रमाने. मंगेश रामकृष्ण तेलंग यांनी संपादन केलेले दोन खंड 1896-97मध्ये निघाले. त्यानंतर दीड-एक दशकाने, 1913 साली, पॅरिसमध्ये लाव्हिन्याकच्या भल्यामोठ्या संगीतकोशात भारतीय संगीतावर झोआनी ग्रोसे याचा प्रदीर्घ लेख आला, आणि त्यात शार्ङ्गदेवाच्या 120 देशी तालांचं कोष्टक होतं. तरुण मेसियाँच्या हाती हा कोश पडला. नावं संस्कृत, खुणा अनोळखी. त्याने मापं उतरवून घेतली आणि आयुष्यभर त्यांचा पिच्छा सोडला नाही.

त्याला सगळ्यात भावला तो रागवर्धन. 1944 साली ‘माझ्या संगीतभाषेचं तंत्र’ या पुस्तकात त्याने आपल्या लयीचा उगम उलगडून सांगितला, तो याच तालापासून सुरुवात करून. रागवर्धनाची मापं अशी: अर्धी, पाऊण, अर्धी, तीन. पाव मात्रेला एक आकडा धरून टाळी देऊन पाहावी. एक-दोन, एक-दोन-तीन, एक-दोन, आणि मग बारा आकड्यांचा लांब सूर. एकूण पावणेपाच मात्रा.

मेसियाँने हा ताल उलटा केला, लांब सूर आधी आणला. त्या तीन मात्रा म्हणजे एकेक मात्रेचे तीन ठोके असं धरलं. मग त्याच्या लक्षात आलं की पुढचे तीन ठोके हे याच तिघांचं निमपट रूप आहे: अर्धी, अर्धी, अर्धी. फक्त मधल्या ठोक्यावर पाव मात्रा जास्तीची पडली आहे. शार्ङ्गदेवाचा विराम तो हाच. त्या इवल्याशा जास्तीने सगळी मोजणी डोलू लागते. मेसियाँने त्याला ‘वाढीव मूल्य’ म्हटलं आणि ही युक्ती सगळीकडे वापरली. सारखी चाललेली ओळ घ्यायची आणि तिच्यात कुठेतरी एक पिटुकला अंश घालायचा, एखादा सूर, एखादी विश्रांती, नाही तर एक बिंदू. ठेक्याचा पिंजरा उघडतो. ‘ला नातिव्हिते’ ही त्याची अशी पहिली मोठी रचना, जिच्यात हे तंत्र अंगोपांगी भिनलेलं आहे.

दुसरी गोष्ट त्याने हेरली तीही सुंदर आहे. दोन-तीन-दोन हा तुकडा उलटीकडून वाचला तरी दोन-तीन-दोनच राहतो. अशा उलटवता न येणाऱ्या लयींना त्याने वेगळं नाव दिलं आणि त्यांत त्याला अनंतकाळाची चाहूल लागली. सातच आकडे आपल्या रूपकातही आहेत, पण तिथे तीन-दोन-दोन. रूपक समेकडे वळत राहतो, रागवर्धनाचा हा तुकडा स्वतःच्या मध्यबिंदूभोवती थांबतो. पावकी, निमकी, पाऊणकी पाठ केलेल्या पिढीला यातलं गणित समजवावं लागणार नाही, आणि पखवाजाच्या किंवा तबल्याच्या विद्यार्थ्यालाही नाही.

एक आक्षेप इथे रास्त आहे. मेसियाँने ताल शिकले ते कागदावरून. गुरूसमोर बसून नव्हे, मृदंगाच्या साथीने तर नव्हेच. आवर्तन, सम, समेवर येण्याची ओढ, यांतलं काही त्याच्या संगीतात नाही. त्याच्या लेखी ताल म्हणजे कालखंडांची एक माळ. आपल्याकडच्या तालज्ञाला हे अपुरं वाटेल, आणि ते अपुरं आहेच. पण 120 देशी ताल आपल्याकडेही मैफलीतून केव्हाच हद्दपार झाले होते. ते उरले होते कागदावरच. शिवाय ‘रत्नाकरा’तल्या स्वरांचा आणि रागांचा नेमका अर्थ काय यावर भातखंड्यांसारखा विद्वानही झगडत राहिला, कारण त्या काळचं शुद्ध सप्तक कोणतं यावरच एकमत नाही. तालांचं तसं नाही. अर्धा म्हणजे अर्धा आणि पाऊण म्हणजे पाऊण, देवगिरीत काय आणि पॅरिसमध्ये काय. म्हणून ग्रंथाचा हा भाग सात शतकांचं आणि हजारो मैलांचं अंतर पार करून सहीसलामत पोहोचला. मेसियाँने त्यात स्वतःचं घातलं, पण शार्ङ्गदेवाचं ऋण कधी लपवलं नाही. उसनवारी अशी उघड, नाव घेऊन केलेली असावी.

रागवर्धनाचा पुढचा प्रवास अंगावर काटा आणणारा आहे. 1940मध्ये मेसियाँ जर्मनांचा युद्धकैदी झाला. गोर्लिट्झच्या छावणीत, 15 जानेवारी 1941 रोजी, भर थंडीत, चौघा कैद्यांनी त्याचं ‘काळाच्या अंतासाठी चतुष्क’ वाजवलं. पियानो, व्हायोलिन, चेलो आणि क्लॅरिनेट. त्याच्या पहिल्याच भागात पियानो 17 मापांची एक लयमाळ पुन्हापुन्हा फिरवत राहतो, आणि ती तीन देशी ताल जोडून केलेली आहे: रागवर्धन, चंद्रकला, लक्ष्मीश. सिंघणाच्या दरबारी मोजलेले ताल एका नाझी छावणीत उपाशी, गारठलेल्या माणसांनी ऐकले.

सुटकेनंतर पॅरिसच्या संगीत विद्यालयात मेसियाँ शिकवू लागला, आणि त्याच्या वर्गात शार्ङ्गदेवाचे ताल अभ्यासाला आले. प्येर बुलेझ, स्टॉकहाउझन, झेनाकिस, युद्धोत्तर युरोपीय संगीताला वळण देणारे हे तिघेही त्या वर्गात बसलेले. ‘तुरंगलीला’ या त्याच्या प्रचंड सिंफनीचं नाव याच यादीतल्या एका तालाचं. ती 2 डिसेंबर 1949 रोजी बॉस्टनमध्ये लिओनार्ड बर्नस्टाइनने पहिल्यांदा सादर केली. 1951च्या ‘लिव्र दोर्ग’ या ऑर्गनग्रंथाच्या आरंभीच प्रतापशेखर, गजझंप आणि सारस हे तीन ताल येतात, एक वाढता, एक आकसता, एक स्थिर. मेसियाँच्या निधनानंतर 1994पासून त्याचा लयविषयक महाग्रंथ प्रसिद्ध होऊ लागला. त्याच्या पहिल्याच खंडात देशी तालांचं सविस्तर विवेचन आहे.

आपल्याकडे मात्र हे दोन धागे फार क्वचित एकत्र येतात. पाश्चात्त्य संगीत शिकणारा विद्यार्थी मेसियाँ वाजवतो तेव्हा त्याला शार्ङ्गदेव दौलताबादचा हे ठाऊक नसतं. शास्त्रीय संगीताच्या परीक्षेला बसणारा विद्यार्थी ‘संगीतरत्नाकर’ या नावापुढे लेखक आणि काळ पाठ करतो आणि पुढच्या प्रश्नाकडे जातो. दौलताबादच्या किल्ल्यावर चांदमिनार पाहणाऱ्या, अंधारी वाट चढणाऱ्या माणसाला तर कोणी काही सांगतच नाही. तिथे शार्ङ्गदेवाच्या नावाचा एक ठळक फलक हवा, आणि त्यावर रागवर्धनाच्या चार खुणा कोरलेल्या हव्यात.

‘संगीतरत्नाकर’ मराठीत ग. ह. तारळेकरांनी आणला आहे. तालाध्याय उघडून त्यातली मापं मोठ्याने मोजावीत, हाताने टाळी द्यावी. आणि ‘ला नातिव्हिते’ ऐकावी ती शक्यतो खुद्द मेसियाँच्या हातची. 1956 साली त्रिनितेच्या त्याच ऑर्गनवर त्याने सगळे नऊ भाग ध्वनिमुद्रित करून ठेवले आहेत. मुद्रण जुनं आहे, सुरांत थोडी खरखर आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने नवव्या भागापासून सुरुवात करावी, आवाज मोठा ठेवून, आणि मग पहिल्या भागाकडे यावं.